रिपोर्टमध्ये 'गाठी' आल्यात, पण वय कुठाय?

पत्र:

डॉक्टर, आमची चिकू शित्झू जातीची छोटी कुत्री आहे. चार महिन्यांची, वजन अडीच किलो. गेल्या महिन्यात आठवडाभर तिची शी पातळ होती, दोनदा उलटीही झाली. आमच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. सेंटरवाल्यांनी फोनवर बारा तास उपाशी ठेवायला सांगितलं. आम्ही रात्री आठनंतर काही दिलं नाही. नंबर लागेपर्यंत दुपारचे बारा वाजले. तोवर चिकूने मान टाकली होती, अंग थरथरत होतं. तिथल्या मुलीने ग्लुकोज चाटवल्यावर जरा सावरली. रिपोर्टमध्ये 'मेझेंटेरिक लिम्फ नोड्स प्रॉमिनंट' (आतड्यांजवळच्या गाठी ठळक) आणि 'माइल्ड फ्री फ्लुइड' (पोटात थोडं सुटं पाणी) असं लिहिलंय. माझ्या दिरांचे एक मित्र माणसांचे रेडिओलॉजिस्ट आहेत. त्यांनी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट बघून "टीबीच्या गाठी असू शकतात" म्हटलं. तेव्हापासून सासूबाई मुलांना तिच्या जवळ फिरकू देत नाहीत. चिकू आता नीट खातेय, शी घट्ट झालीय, घरभर धुडगूस चालू आहे. गाठीचा तुकडा काढून तपासायचा का? आणखी एक, शेजारच्यांनी पर्शियन मांजराचं पिल्लू आणलंय. त्यांना कुणीतरी किडनीची सोनोग्राफी करा म्हणून सांगितलंय. ती कधी करायची? रिपोर्ट आणि प्रिंटचे फोटो सोबत पाठवतेय.
— चिकूची आई, कराड

उत्तर:

चिकूच्या आईंना नमस्कार.

मुलांना चिकूजवळ जाऊ द्या. तुकडाबिकडा काढायची गरज नाही. तुमचं पत्र वाचून मला धसका बसला तो त्या सोळा तासांच्या उपासाचा. त्यावर येतेच, पण घराची झोप गाठींनी उडवलीय, तर आधी गाठी.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या माथ्यावर चिकूचं नाव आहे, जात आहे, तुमचा मोबाईल नंबरसुद्धा आहे. 'वय' ही चौकट मात्र कोरी. सगळा घोळ तिथून सुरू झालाय. पुढच्या दोन्ही ओळी मोठ्या कुत्र्याच्या रिपोर्टमध्ये असत्या तर मीही थबकले असते. चार महिन्यांच्या पिल्लात त्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

आतडी पोटात एका पातळ पडद्याला लटकलेली असतात. त्या पडद्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने लसीका ग्रंथी, म्हणजेच रिपोर्टमधल्या 'गाठी', बसलेल्या असतात. त्या रोगाने उगवत नाहीत, जन्मापासून असतात; कुत्र्यात, मांजरात, तुमच्या-माझ्यात. आतड्यातून जे काही शरीरात शिरू पाहतं त्याची झडती घेणं हे त्यांचं काम. पिल्लाचं दूध नुकतंच सुटलेलं असतं, खाणं नवं असतं, पोटात जंत असतात, लसी चालू असतात, शिवाय दिसेल ती चप्पल आणि माती तोंडात जाते. या वयात त्या ग्रंथींना उसंत नसते, म्हणून त्या ठळक दिसतात. वरून चिकूला नुकतेच आठवडाभर जुलाब होऊन गेलेले. पाण्याचंही तसंच. लहान पिल्लांच्या पोटात, कुत्रं असो की मांजर, मूत्राशयाच्या टोकाशी किंवा आतड्यांच्या वेटोळ्यांमधल्या कोपऱ्यात पाण्याची बारीक फट पडद्यावर काळीभोर दिसते. वाढत्या वयाबरोबर ती दिसेनाशी होते.

तुमच्या दुसऱ्या प्रिंटवर ग्रंथीची मापं घेतलेली फुल्या-फुल्यांची रेघ आहे. जाडी ६ मिलिमीटर, लांबी २२. लांबट, चपटी, कडा गुळगुळीत, आणि भोवतालची चरबी शांत, म्हणजे पडद्यावर भगभगीत पांढरी झालेली नाही. मला हेच पाहायचं होतं. ग्रंथी गोल गरगरीत होते, आतून एकसारखी काळी पडते, भोवतीची चरबी उजळते, तेव्हा कान टवकारायचे. रिपोर्टमध्ये पुढे लहान आतड्याची भिंत ३ मिलिमीटर आणि तिचे थर शाबूत असल्याचं लिहिलंय. ही ओळ दिरांच्या मित्रांनी वाचलीच नसावी असं मला वाटतं. पोटातला वाईट आजार बहुतेकदा भिंतीचे थर पुसून टाकतो. चिकूचे थर सरळ ओळीत आहेत.

त्या मित्रांना दोष देऊ नका. आपल्या देशात माणसाच्या पोटात गाठी आणि पाणी एकत्र दिसलं की डॉक्टरच्या मनात टीबी आलाच पाहिजे, नाही आला तर ती चूक. पण त्यांच्यापुढे रिपोर्ट होता, पिल्लू नव्हतं, आणि पिल्लाचं वय तर कुणापुढेच नव्हतं. कुत्र्यांना क्षयरोग होतच नाही असं नाही. क्वचित होतो, आणि होतो तेव्हा बहुधा घरातल्या आजारी माणसाकडून कुत्र्याला लागतो. तुमच्या घरात कुणाला टीबी नसेल, चिकूचं वजन वाढत असेल, खोकला नसेल, ताप नसेल, तर विषय संपला.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते, कारण अशा घरात हे घडताना पाहिलंय. "असू दे, कोर्स करून टाकू" म्हणून माणसांची टीबीची गोळी पिल्लाला देऊ नका. त्यातलं आयसोनियाझिड कुत्र्यांना अतिशय जड जातं. ते औषध निकामी करायची जी सोय माणसाच्या शरीरात असते, ती कुत्र्याच्या शरीरात नाही. थोड्या प्रमाणातसुद्धा फिट येतात, जीव जाऊ शकतो. घरात कुणाचा टीबीचा कोर्स चालू असेल तर गोळ्यांची पाकिटं कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवा. तसंच गाठी बसवायला म्हणून स्टेरॉइडही नको. त्याने ग्रंथी लहान होतात, आणि खरंच काही असलं तर ते झाकलं जातं.

सासूबाईंना मुलांची काळजी वाटते हे बरोबरच आहे, फक्त ती जंतांकडे वळवा. कुत्रीच्या पोटात असतानाच गोल जंत पिल्लात उतरतात, त्यामुळे 'चांगल्या ब्रीडर'कडचं पिल्लूही जंत घेऊनच येतं. मांजरात ते आईच्या दुधातून येतात. सोनोग्राफीत ते जिवंत दिसतात. आतड्याच्या पोकळीत दोन समांतर पांढऱ्या रेघा, आणि रेघा वळवळतात. पहिल्यांदा पाहणारे मालक पडद्यावरून नजर काढत नाहीत. जंतांची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून दोन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंतांचं औषध, तेही वजन करून. मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावा आणि चिकूची शी रोजच्या रोज उचला. शीची एक तपासणीही करून घ्या. जंतांबरोबर जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवीही पाहायला सांगा. आठवडाभर चाललेल्या जुलाबाचं कारण या वयात तिथे सापडायची शक्यता गाठीत सापडण्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता उपास. बारा तास पोट रिकामं ठेवा ही सूचना मोठ्या कुत्र्यासाठी आहे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, आणि भरल्या पोटात अन्न असतं, वायू असतो, त्याच्यामागचं काही दिसत नाही. म्हणून उपास. पण अडीच किलोच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा तो किती? शित्झू, पॉमेरियन, चिवावा, यॉर्की असल्या बुटक्या जातींची चार-पाच महिन्यांच्या आतली पिल्लं काही तास उपाशी राहिली तरी रक्तातली साखर झरकन उतरते. आधी पिल्लू सुस्त होतं, मग झोकांड्या, थरथर, मान टाकणं, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर फिट. चिकू त्या वाटेवर बरीच पुढे गेली होती. तिथल्या मुलीने वेळेवर ओळखलं, तिचे आभार माना.

पुढच्या वेळी सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. पहाटे उठून तिला थोडं ओलं खाणं द्या, त्यानंतर तीन-चार तास काही नाही. नंबर लांबला तर काउंटरवर जाऊन स्पष्ट सांगा, "पिल्लू लहान आहे, आधी घ्या." ऐकलं नाही तर तिथेच चमचाभर खाऊ घाला. थोडी धूसर प्रतिमा परवडते, फिट परवडत नाही. पाणी कधीच बंद करायचं नाही. पर्समध्ये मधाची छोटी बाटली किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. पिल्लू मलूल झालं की बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी-दूध ओतू नका, फुप्फुसात जातं. आणि तपासणीआधी दारात शू करू देऊ नका. मूत्राशय भरलेलं असेल तरच त्याची भिंत नीट दिसते.

बाकी तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. पोटावरचे केस मशीनने काढतात, शित्झूचे तर काढावेच लागतात, ते परत येतात. उताणं झोपवण्यासाठी मऊ गादीची पन्हळ असते. जेल गार असतं आणि लहान पिल्लं लवकर गारठतात, म्हणून तिचा रोजचा पंचा बरोबर न्या आणि डोक्याशी स्वतः उभ्या राहा. तुम्ही बोलत राहिलात की भूल लागत नाही. किरणोत्सर्गाचा प्रश्नच नाही, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा करायची वेळ आली तरी बिनधास्त करा.

मशीनबद्दल एक. पिल्लाचं पोट उथळ असतं, म्हणून जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब (पोटावर फिरवतात ते मशीनचं टोक) लागतो. ती जितकी जास्त तितकं बारीक दिसतं, फक्त खोलवर पोचत नाही, आणि चिकूच्या पोटात खोली अशी ती कितीशी असणार. तुमच्या प्रिंटच्या कडेला ८ मेगाहर्ट्झ दिसतात, म्हणजे चालण्यासारखं आहे. माणसांच्या पोटासाठीचा ३.५ चा प्रोब वापरला असता तर आतड्याचे थर मोजायला मिळालेच नसते. प्रिंटपेक्षा हलत्या क्लिप मागत चला. आतडं हलतंय की मख्ख पडलंय हे प्रिंटवर कळत नाही.

चिकूच्या बाबतीत थांबून पाहा असं मी म्हणतेय. पण पिल्लांच्या पोटात थांबू नये असंही बरंच असतं, आणि ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

जुलाब झालेल्या, जंत असलेल्या किंवा पार्व्हो या विषाणूच्या आजारातून उठलेल्या पिल्लात आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, सदऱ्याची बाही आतल्या आत ओढली जावी तसा. उलट्या थांबत नाहीत, शी करताना कुंथतं, थोडी शेंबडी किंवा रक्ताची शी होते, हाताला पोटात लांबट काहीतरी लागतं. आडव्या छेदात पडद्यावर एकात एक वर्तुळं दिसतात. एकदा दिसली की विसरता येत नाहीत. आत अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटत जातो, म्हणून शस्त्रक्रिया तातडीची. मात्र लहान पिल्लात कधी कधी आतडं तात्पुरतं असं शिरतं आणि आपोआप सुटतं. म्हणून अनुभवी सर्जन टेबलावर घेण्यापूर्वी पुन्हा एकदा प्रोब लावून बघतो. त्याला वेळकाढूपणा समजू नका.

दुसरं गिळलेल्या वस्तूंचं. एप्रिल-मे आला की आंब्याची कोय. कोय निसरडी, गोड, आणि नेमकी आतड्यात अडकेल अशा मापाची. सोनोग्राफीत एक पांढरी वाकडी रेघ आणि तिच्याखाली काळी सावली दिसते. अडथळ्याच्या मागचं आतडं पाण्याने फुगलेलं, पुढचं रिकामं. मक्याचं कणीस, मोजे, बाटलीचं बूच, सगळं पाहण्यात येतं. मांजराच्या पिल्लांत धोका दोऱ्याचा. राखीचा रेशमी दोरा, संक्रांतीचा मांजा, सुईदोरा. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि आतडं दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं. पडद्यावर त्या चुण्या दिसतात. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. ओढलात तर आतड्याला कापत येतो. आहे तसं घेऊन दवाखाना गाठायचा.

पार्व्होचा संशय असेल तर सोनोग्राफीपूर्वी शीची किटवरची चाचणी. ती काही मिनिटांत उत्तर देते आणि खूप स्वस्त पडते. सोनोग्राफीचा उपयोग नंतर, आतडं आतड्यात शिरलंय का हे बघायला. चिकूच्या लसी सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण झाल्यात का, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. कार्ड काढून पाहा.

शित्झूच्या निमित्ताने आणखी दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी मी या जातीच्या पिल्लाची सोनोग्राफी मुद्दाम लक्ष देऊन वाचते. यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी हा छोट्या जातींचा ठरलेला दोष आहे. आतड्यातलं रक्त यकृतात न गाळता थेट अंगभर फिरतं. पिल्लू वाढत नाही, जेवणानंतर भ्रमिष्टासारखं वागतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. यकृत लहान दिसतं, मूत्राशयात कधी खडे सापडतात. ती वाहिनी शोधायला डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागतं आणि शोधणाऱ्याचा हातही तसाच लागतो. न सापडली म्हणजे नाही असं होत नाही. संशय असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातली बाइल अॅसिड (पित्तातली आम्लं) पाहतात. दुसरा दोष मूत्रपिंडांचा. शित्झू आणि ल्हासा अॅप्सोमध्ये ती कधी जन्मापासूनच नीट घडत नाहीत, लहान, ओबडधोबड आणि गरजेपेक्षा पांढरी दिसतात. असं पिल्लू खूप पाणी पितं, खूप शू करतं. तुमच्या रिपोर्टप्रमाणे चिकूचं यकृत मापात आहे, दोन्ही किडन्या सारख्या, त्यांच्या आतल्या-बाहेरच्या थरांमधली सीमा स्पष्ट, मूत्राशय स्वच्छ. या ओळींसाठी सोनोग्राफीचे पैसे वसूल झाले म्हणा.

तर करायचं एवढंच. शी आणि जंत यांचं बघा, दर आठवड्याला वजन वहीत लिहा. वजन वाढतंय आणि शी घट्ट आहे तोवर गाठींसाठी पुन्हा सोनोग्राफीसुद्धा नको. जुलाब परत आले किंवा वजन अडलं तर चार आठवड्यांनी पुन्हा करा, आणि 'वय' लिहिल्याशिवाय टेबलावर चढवू नका. तेव्हा ग्रंथी वाढलेल्या निघाल्या तरीसुद्धा आधी बारीक सुईने पेशी काढून तपासतात, तुकड्याचं त्याच्यापुढे. तशी वेळ आलीच तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल. मुंबईत कुणी असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे.

शेजारच्यांना सांगा, सल्ला बरोबर आहे पण घाई नको. पर्शियन मांजरांत किडनीत पाण्याच्या पुटकुळ्या होण्याचा आनुवंशिक आजार जुना आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून जरी तो जनुक आला तरी पुरतो, त्यामुळे बाधित मांजराच्या साधारण निम्म्या पिल्लांत तो उतरतो. पुटकुळ्या जन्मतः अगदी बारीक असतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. तीन महिन्यांच्या पिल्लात स्पष्ट दिसल्या तर आजार आहे. नाही दिसल्या तर त्यातून काही सिद्ध होत नाही. दहा महिन्यांच्या पुढे केलेली सोनोग्राफी भरवशाची. आत्ताच जाणून घ्यायचं असेल तर गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावर किंवा रक्तावर जनुकाची चाचणी होते, तिला वयाची अट नाही. आणि ब्रीडरला पिल्लाच्या आईबापांचे रिपोर्ट मागा. आईबापांपैकी कुणाच्या चाचणीत हा दोष निघाला असेल तर पुढची पिल्लावळ त्याने थांबवायला हवी. रिपोर्ट दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरं पिल्लू त्याच्याकडून घेऊ नका.